उद्घाटनाची घोडी

सागिनबेकला धंद्यातलं काही कळत नव्हतं. उद्घाटनातलं मात्र सगळं कळत होतं. कोणाला बोलवायचं, कोणाला कोणाच्या आधी बोलवायचं, कोणाच्या पुढ्यात कुठलं हाड जायचं, हे त्याने झोपेतसुद्धा सांगितलं असतं. म्हणून धाकट्या भावाचं कुमिसचं, म्हणजे घोडीच्या आंबवलेल्या दुधाचं, दुकान उघडणार हे कळल्याबरोबर तो गाडी घेऊन सुसामीरच्या कुरणावर हजर झाला. रस्त्याकडेचे दगड वेचायला आला नव्हता, नमद्याचा तंबू उभारायला आला नव्हता. पाटी टांगायच्या दिवशी आला, पाटीवर आपलं नाव नाही हे पाहिलं, आणि तडक आत शिरला.

आता तो तंबूत, आईच्या उजव्या हाताला मांडी घालून बसला होता. आई म्हणजे तुर्सुनाय आपा, दारासमोरच्या मानाच्या जागी. पलीकडे धाकटा कुबानिच, ज्याचं दुकान. चुलीजवळ मधली बहीण झूरा, नवरा सोडलेली, बिश्केकच्या बाजारात बूट विकणारी, जिच्या तोंडाला घरात सगळे बिचकून असत. आणि दाराशी, सामोवारपाशी, कुबानिचची बायको सैकाल. ती चहा ओतत होती. सुनेने अशा बैठकीत तेवढंच करायचं असतं. थोरल्या दिराचं नावही तिने घ्यायचं नसतं. ते तिला फारसं जड गेलं नव्हतं. ते नाव तोंडात यावं असं काही त्याने केलंच नव्हतं.

"तलासहून व्याही येतायत उद्या," सागिनबेक म्हणाला. "उद्घाटनाला मीच बोलावलंय. त्यांच्यापुढे मेंढा ठेवायचा म्हणजे आपणच आपलं तोंड काळं करायचं."

"व्याही तुझे," झूरा म्हणाली. "उद्घाटन याचं."

"घर एकच आहे ना?"

"वाटणीच्या वेळी दोन होती. कळपाचा मोठा भाग तुझ्याकडे गेला तेव्हा चांगली मोजून दोन होती."

सागिनबेकने ते ऐकलंच नाही. न ऐकणं ही त्याची जुनी कमाई होती. "मेंढा आपण कशालाही कापतो. पोराचं जावळ काढलं, मेंढा. कोणी दवाखान्यातून घरी आलं, मेंढा. गाडीला नवीन टायर घातले, मेंढा. माणूस आयुष्यात एकदा धंदा काढतो, तेव्हाही मेंढाच?"

"आयुष्यात एकदा? तू तर किती काढलेस. बिलियर्डचं दुकान काढलंस, त्याला दोन मेंढे कापलेस. टेबल अजून यायचंय."

"टेबल कस्टममध्ये अडकलं."

"मेंढे बरे अडकले नाहीत."

आपा चहाच्या वाटीआड हसल्या. सैकालने मान खाली ठेवली, पण तिच्या जिवाला जरा बरं वाटलं. बाहेर दोरीला चार शिंगरं बांधलेली होती आणि त्यांच्या आया उतारावर चरत होत्या. त्या चार घोड्या म्हणजेच दुकान. बाकी तंबू, पाटी, बाकडी हे सगळं नुसतं सामान. मॉस्कोच्या गोदामात कुबानिचने खोकी उचलण्यात जे हिवाळे घालवले, त्यांच्या या घोड्या झाल्या होत्या. दुकान चाललं तर तो घरी राहील. नाही चाललं तर पानं गळायच्या आत पुन्हा मॉस्को. सैकालला धंद्यात यापलीकडे रस नव्हता. त्यांची पोर, मीरिम, अजूनही बापाला काही दाखवायचं झालं तर ते त्याच्या नाकासमोर धरायची, फोनच्या पडद्यासमोर धरतात तसं. समोर बसलेला माणूस आपोआप बघू शकतो हे तिला अजून सवयीचं नव्हतं.

आणि म्हणूनच सकाळी दूध काढताना सैकालने नवऱ्याकडून शब्द घेतला होता. थोरले काहीही म्हणोत, घोड्यांना हात लावायचा नाही. कुबानिच हसून म्हणाला होता, वेडी आहेस का, दुकान कापून कोणी उद्घाटन करतं का?

"मेंढा पुरेल," आपा म्हणाल्या. "दोन कापा हवं तर."

"पुरेल, आपा. का नाही पुरणार." सागिनबेकने आवाज खाली आणला. हा आवाज तो मयताला वापरायचा. "माझ्या लग्नात आमच्या बापाने घोडा कापला होता. तलासवाले अजून बोलतात त्याबद्दल. आता उद्या जाऊन म्हणतील, जुमाबाय गेला, घराची पतही गेली. म्हणू दे. आपण कुठे ऐकायला जाणार आहोत."

आपांनी वाटी खाली ठेवली. मेलेल्या नवऱ्याचं नाव निघालं की या बाईचं डोकं चालायचं थांबतं, हे थोरल्या मुलाला लहानपणापासून ठाऊक होतं आणि त्याने ते कधी वाया जाऊ दिलं नव्हतं.

"घोडा म्हणतोय, तर घोडा कापा," आपा म्हणाल्या.

"कापू की," झूरा लगेच म्हणाली. "याचा काळा कापू. व्याही याचे, इभ्रत याची, काळाही याचाच. नुसता उभा राहून खातोय."

आपांनी थोरल्याकडे पाहिलं. "खरंच की," त्या म्हणाल्या. "काळा आहे ना तुझा."

सैकालचा हात चहाच्या नळावर थांबला. सागिनबेकचा काळा घोडा शर्यतीचा होता. शर्यत त्याने एकही जिंकली नव्हती, पण तो शर्यतीचा होता. सागिनबेक दाढी खाजवत बसला. मग त्याने मान वर केली तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर इतका मोठेपणा होता की सैकालला धडकीच भरली.

"देतो," तो म्हणाला. "भावासाठी काळा काय, मी काहीही देईन. व्याह्यांना सांगू, आमचा कुबानिच एवढी वर्षं मॉस्कोत राहून आला आणि थोरल्याच्या घोड्यावर दुकान उघडलं. त्यात लाज कसली? हात रिकामा असेल तर रिकामा."

कुबानिचची मान लाल झाली. सैकाल ती मान ओळखत होती. तिने मनातल्या मनात म्हटलं, हो म्हण. नुसतं हो म्हण, दादा, तुझे उपकार झाले म्हण, आणि चहा पी. एक शब्द. मग बघू काळा कसा दावणीला राहतो.

"भावाचा कशाला?" कुबानिच म्हणाला. "माझ्याकडे नाहीत का? माझ्यातली कापू."

"छे छे, तू कशाला. नवीन धंदा तुझा."

"कापू म्हटलं ना. करडी कापू."

करडी. चौघींमधली सगळ्यात भरलेली, एकटी दोघींचं दूध देणारी. कापायचीच तर लंगडी तांबडी कापता आली असती. पण भावाने शर्यतीचा घोडा देऊ केल्यावर कुबानिच लंगडी कशी देणार? बोली लागली होती. समोरचा एक कवडी न सोडता बोली चढवत होता, आणि कुबानिच स्वतःच्याच घराचा लिलाव स्वतः जिंकून बसला होता.

"करडी दुभती आहे," सैकाल दाराशी म्हणाली.

सागिनबेकने तिच्याकडे न बघता आईला विचारलं, "सून बोलायला लागली का हल्ली?"

"मी नाही बोलत, भाऊजी. उद्यापासून करडीचं शिंगरू बोलेल."

"चहा ओत," आपा म्हणाल्या. "त्याने शब्द दिलाय."

"त्याने सकाळीही एक दिला होता."

"तो बायकोला दिलेला," आपा म्हणाल्या, आणि त्यांना यात काही चुकीचं म्हटल्यासारखं वाटलं नाही.

बाहेर आल्यावर सैकालने कुबानिचला झऱ्याशी गाठलं. तो उगाच हात धूत होता.

"तो काळा देत होता," ती म्हणाली. "तुला घ्यायचा होता. बस."

"तो खरंच थोडाच देणार होता?"

"तेच म्हणतेय. तू घेतला असतास तर सगळ्यांना कळलं असतं की देणार नव्हता."

"दादाचं तोंड कसं पाडू मी, सगळ्यांसमोर?"

"म्हणून आपलं पाडलंस."

"एक गेली तर तीन आहेत," कुबानिच म्हणाला. "लोक येतील, खातील, बघतील. चार ठिकाणी बोलतील. जाहिरात समज."

"कशाची जाहिरात? आपण काय विकतो? मटण?"

त्याने पुन्हा हात धुतले. झूरा तंबूच्या भिंतीला टेकून ऐकत होती.

"मी बाजारात पहिल्यांदा बूट मांडले ना," ती सैकालला म्हणाली, "तेव्हा वर्षभर कोणाला सांगितलं नाही कुठल्या गल्लीत बसते. विचारलं की म्हणायचे, सापडणार नाही तुम्हाला, फार लांब. एकदा चुकून आपांजवळ बोलले. पुढच्या आठवड्यात सगळं घराणं पायाचं माप घेऊन आलं. तुम्ही तर पाटीच लावलीत. बाण काढून."

"मग आत का नाही बोललात हे, ताई?"

"बोलले नाही का? काळ्याचं कोणी काढलं?" झूराने खांदे उडवले. "माझं काम घोडा दाखवायचं. तुझ्या नवऱ्याला बसता येत नाही, त्याला मी काय करू?"

दुसऱ्या दिवशी दुपारी उद्घाटन झालं, आणि काय झालं म्हणून सांगावं. गिऱ्हाइकांसाठी अंथरलेल्या गाद्यांवर तलासचे व्याही बसले. त्यांच्या शेजारी गावप्रमुख, त्याच्या शेजारी गावप्रमुखाचा मेहुणा, आणि मग ज्यांना कोणी बोलावलं नव्हतं पण ज्यांनी लांबून धूर पाहिला होता ते सगळे. करडीच्या बरगड्या चरबीसकट आतड्यात भरून शिजवल्या होत्या. थाळ्या आल्या तेव्हा व्याह्यांच्या थोरल्याने एक तुकडा तोंडात टाकला, डोळे मिटले आणि म्हणाला, "चांगली पोसलेली होती." सागिनबेकने विनयाने मान लववली, जणू त्यानेच पोसली होती.

गावप्रमुखाने लहान उद्योगांवर भाषण केलं. तरुणांनी परदेशाची वाट सोडून मातीत घाम गाळावा, सरकार पाठीशी आहे, असं म्हणून तो खाली बसला आणि त्याने मांडीचं हाड ओढून घेतलं.

मग कुमिस. कुमिसची धुरी दिलेली कातडी पिशवी दाराशी लाकडी चौकटीला टांगलेली होती. सैकाल कित्येक दिवस तिच्यात रवी घालून घुसळत होती, दूध घालत होती, आंबवत होती. ते सगळं पहिल्या ट्रकवाल्यांसाठी. सागिनबेकने वाटी नाही, मोठा लाकडी डाव घेतला.

पिशवी चपटी व्हायला लागली तसं सैकालला राहवेना. "भाऊजी, खाली विरजण आहे. ते राहू द्या. त्याच्याशिवाय पुढचं दूध लागणार नाही."

"तळचं घट्ट असतं," सागिनबेक म्हणाला. "व्याह्यांना घट्टच आवडतं."

तिने नवऱ्याकडे पाहिलं. तो मान्यवरांच्या हातावर कोमट पाणी घालत होता. त्याने पाहिलं, ऐकलं, आणि पाणी घालत राहिला. पाहुण्याच्या तोंडापुढची वाटी काढून घेणारा माणूस या कुरणावर अजून जन्मला नव्हता. आणि कुबानिचला तो पहिला व्हायचं नव्हतं. मॉस्कोत त्याने मुकादमाची शिवी खाल्ली असेल, उभ्याने जेवला असेल, एका खोलीत दहाजणांत झोपला असेल, ते चाललं. इथे, स्वतःच्या तंबूत, विरजण आहे म्हणायची त्याला लाज वाटली.

व्याह्यांनी विरजण प्यायलं.

शेवटी आशीर्वाद झाला. थोरल्या व्याह्याने चरबीने चकाकणारे तळवे समोर धरले. सगळ्यांनी धरले. "तुमच्या घोड्या वाढोत," तो म्हणाला. "एकीच्या दहा होवोत. दूध आटू नये. ही पिशवी कधी रिकामी न होवो. मुलगा परदेशातून घरी आलाय, तो घरीच राहो." सगळ्यांनी चेहऱ्यावरून हात फिरवले. ओमीन. सैकालनेही फिरवले. उतारावर करडीचं शिंगरू दोरीला हिसके देत खिंकाळत होतं. आशीर्वाद देणाऱ्याला त्याचा त्रास झाला, तेव्हा कोणीतरी जाऊन त्याला लांब बांधलं.

मग पिशव्या निघाल्या. पाहुणा रिकाम्या हाताने जात नाही. त्याच्या वाट्याचं मांस त्याच्या घरी जातं. काळ्या, निळ्या, दुकानांची नावं छापलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या. गावप्रमुखाच्या मेहुण्याने स्वतःची आणली होती. झूरानेही एक भरून घेतली, आणि सैकाल बघतेय हे पाहून म्हणाली, "मी सोडली म्हणून करडी उठून उभी राहणार आहे का?" व्याह्यांनी सागिनबेकच्या खांद्यावर भरतकामाचा मखमली अंगरखा चढवला. कुबानिचला एक शर्ट मिळाला, घडी न मोडलेला, गळ्याला न बसणारा.

आणि मग धंदा सुरू झाला.

पहिला ट्रकवाला सकाळीच थांबला. कुमिस आहे? नाही. पाटीवर आहे. पाटीवर आहे, पिशवीत नाही. तो हसला आणि पुढच्या वळणावरच्या तंबूकडे गेला. तिथे कुमिस होता. त्या तंबूचं उद्घाटन कोणी केलं नव्हतं. दिवसभर हेच चाललं. घोडी पान्हा सोडते ती आपलं शिंगरू अंगाला लागल्यावर. पण करडीचं पोरकं शिंगरू चारी बाजूंनी धावायचं, दुसऱ्यांच्या कासेत घुसायचं, लाथ खायचं, आणि तिघी बिथरून उभ्याच राहात नव्हत्या. बादलीचा तळ कसाबसा झाकला जायचा.

दुपारनंतर गिऱ्हाइकं आली. म्हणजे सैकालला आधी तसं वाटलं. ती गावप्रमुखाच्या मेहुण्याची माणसं होती. गादीवर बसली, जे थोडं ताजं दूध होतं ते प्यायली, पाव खाल्ला, लोणी खाल्लं, आशीर्वाद दिला आणि उठली.

"पैसे," सैकाल नवऱ्याच्या कानात म्हणाली.

"काल आपल्याकडे जेवलेत ते. आता पैसे कसे मागू?"

"मग तू सगळ्या खोऱ्याला जेवू घातलंस. आता कोणाकडे मागणार आहेस? चिन्यांकडे?"

कुबानिचने पाटीखालचा दगड उचलून दुसरीकडे ठेवला.

दुसऱ्या दिवशी सैकाल घोड्यावर बसून खिंडीपलीकडे माहेरच्या तंबूवर गेली आणि विरजण मागून आणलं. आणखी एक वस्तू आणली. ती पोत्यात गुंडाळून चुलीमागे ठेवली आणि कोणाला काही बोलली नाही. काय करायचं ते तिचं अजून पक्कं नव्हतं.

ते पक्कं केलं दोघा भावांनी मिळून.

कुबानिच सकाळी दुधाला मदत करायला आला, तांबडीच्या मानेवर हात ठेवून उभा राहिला आणि म्हणाला, "गोदामाच्या मुकादमाशी बोललो. जागा आहे. एकच हिवाळा, सैकाल. दोन घोड्या घेऊन येतो. करडीपेक्षा चांगल्या."

तिने धार थांबवली नाही. तिला रडू येईल असं तिला वाटलं होतं; त्याऐवजी नुसता कंटाळा आला, उकळून उकळून तळाला लागलेल्या चहासारखा कडू.

तेवढ्यात सागिनबेकची गाडी आली. अंगात मखमली अंगरखा होता. घाम आला होता, पण काढला नव्हता. आपा तंबूच्या दारात बसल्या होत्या. त्याने आधी आईला सलाम केला, मग तो शिंगराकडे बघत राहिला.

"हे काही जगत नाही," तो म्हणाला. "आईविना हिवाळा नाही काढायचं. परवा जिल्ह्याचे साहेब येतायत माझ्याकडे. कोवळं मांस. असंही मरायचंच आहे, तर निदान कामाला येईल. काय, कुबानिच?"

कुबानिचची मान लाल झाली. तोंड उघडलं.

सैकालने बादली खाली ठेवली. ते तोंड काय म्हणणार हे तिला दिसलं. आणि हेही दिसलं की हा माणूस मॉस्कोला गेला तरी त्याचा होकार इथेच राहणार. थोरले येतील, फोन लावून देतील, आणि गोदामातून, खोक्यांच्या ढिगाऱ्यामागून, आवाज येईल: ने, दादा, त्यात काय.

ती तंबूत गेली, चुलीमागचं पोतं सोडलं आणि लांब दांड्याचं लोखंड निखाऱ्यात खुपसलं. टोकाला दुबेळकं होतं, दोन फाट्यांचं. तिच्या बापाच्या कळपाचा डाग. या घराचा डाग चंद्रकोरीचा. तो चारी घोड्यांच्या पुठ्ठ्यावर कुबानिचने वसंतात हौसेने उमटवला होता.

"हे काय?" सागिनबेकने दारातून वाकून विचारलं.

"घोड्यांना माझ्या माहेरचा डाग लावतेय. तिघींना आणि शिंगराला."

"आमच्या कळपाला?"

"तुमचा कळप वाटणीत तुमच्याकडे गेला, भाऊजी. या मॉस्कोच्या आहेत."

"कुबानिच, ऐकतोयस ना बायको काय बोलते?"

"ऐकू दे," सैकाल म्हणाली, आणि मग नवऱ्याला म्हणाली, हळू, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं, "तुझ्या घराच्या डागाची जनावरं पाहुणे खातात. तुला नाही म्हणता येत नाही ना? नको म्हणूस. कोणी मागितलं तर म्हण, माझं नाहीच, सासऱ्याचं आहे. एवढं तरी म्हणता येईल का? जा मॉस्कोला नाहीतर राहा. पण आधी दोर धर."

कुबानिच उभा राहिला. भावाकडे बघितलं, बायकोकडे बघितलं. सागिनबेकने अंगरख्याचं बटण सोडलं. शेवटी दोघे भाऊ लहानपणी भांडण झालं की जिकडे बघायचे तिकडेच बघू लागले.

आपा उठल्या. गुडघे धरत चुलीपाशी आल्या, लोखंड बाहेर ओढलं, त्याचा रंग बघितला आणि पुन्हा निखाऱ्यात सारलं.

"अजून तापू दे," त्या सुनेला म्हणाल्या. "कच्चा डाग वर्षभरात पुसला जातो."